एका दीर्घिकेचे अंतर: १३ की २२ मेगापार्सेक?

तिमिंगल तारकासमूहात एनजीसी १०५२ ही लंबवर्तुळाकार दीर्घिका आहे. तिच्यापासून १४ कलांच्या आत, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या अर्ध्या रुंदीहूनही कमी अंतरावर, एक धूसर डाग आहे. तो इतका विरळ आहे की त्याच्या कितीतरी मागे असलेल्या दीर्घिका त्यातून आरपार दिसतात. इगोर कराचेंत्सेव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छायाचित्रफलकांवरून बटुदीर्घिका शोधताना २००० साली या डागाची नोंद केली होती. पुढची अनेक वर्षे ती यादीतली एक ओळ एवढेच तिचे महत्त्व राहिले. मार्च २०१८ मध्ये हीच दीर्घिका 'कृष्णद्रव्य नसलेली दीर्घिका' म्हणून जगभरच्या बातम्यांत आली (कृष्णद्रव्य म्हणजे दिसत नाही, पण गुरुत्वाकर्षणावरून ज्याचे अस्तित्व मानले जाते असे द्रव्य), आणि त्यानंतर तीन वर्षे जो वाद चालला तो वरवर पाहता कृष्णद्रव्याचा असला तरी प्रत्यक्षात एका साध्या प्रश्नाचा होता: ही दीर्घिका आपल्यापासून किती दूर आहे?

वादाची धार नावांतही दिसते. दावा करणारा गट तिला एनजीसी १०५२-डीएफ२ म्हणतो, म्हणजे नावातच ती एनजीसी १०५२ च्या गटातली ठरते. आक्षेप घेणाऱ्या गटाने आपल्या निबंधात कराचेंत्सेव यांच्या यादीतला जुना क्रमांक वापरला, कारण ती त्या गटातली आहे हेच त्यांना मान्य नव्हते. या लेखात सोयीसाठी 'डीएफ२' असे लिहिले आहे. त्यातून कोणाची बाजू घेण्याचा हेतू नाही.

मूळ दावा

येल विद्यापीठाचे पीटर व्हान डोक्कम आणि टोरांटो विद्यापीठाचे रॉबर्टो अब्राहम यांनी न्यू मेक्सिकोत 'ड्रॅगनफ्लाय' नावाची दुर्बीण उभारली. बाजारात मिळणारी ४०० मिलिमीटरची कॅमेऱ्याची भिंगे एकत्र बांधून केलेली ही जुळणी अतिशय फिकट, पसरट उजेड टिपण्यात मोठ्या आरशांच्या दुर्बिणींपेक्षा सरस ठरते. तिच्या प्रतिमांत डीएफ२ ठळक दिसली. मग हबल दुर्बिणीतून तिच्या प्रतिमा घेण्यात आल्या आणि हवाईतील केक दुर्बिणीतून तिच्यातल्या दहा गोलाकृती तारकागुच्छांचे, म्हणजे ताऱ्यांच्या दाट गोळ्यांचे, वर्णपट घेण्यात आले.

तारकागुच्छांच्या वर्णपटांतील रेषा किती सरकल्या आहेत यावरून प्रत्येक गुच्छ आपल्यापासून किती वेगाने दूर जात आहे हे कळते. दहा गुच्छांचा सरासरी वेग सेकंदाला १८०३ किलोमीटर निघाला. त्या सरासरीभोवती हे वेग किती विखुरलेले आहेत हा खरा प्रश्न होता, कारण दीर्घिकेचे वस्तुमान जितके जास्त, तितके तिच्यातले गुच्छ एकमेकांच्या तुलनेत वेगाने फिरायला हवेत. एवढ्या ताऱ्यांच्या दीर्घिकेभोवती नेहमीसारखे कृष्णद्रव्याचे आवरण असते तर वेगांचा विखुरलेपणा सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर असायला हवा होता. मोजलेले मूल्य १० च्या आसपास किंवा त्याहून कमी आले. अंतर २० मेगापार्सेक (एक मेगापार्सेक म्हणजे सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षे) धरल्यास ताऱ्यांचे वस्तुमान सूर्याच्या २० कोटी पट होते आणि वेगांवरून निघणारे एकूण वस्तुमानही साधारण तेवढेच होते. अपेक्षेच्या तुलनेत कृष्णद्रव्य निदान ४०० पटींनी कमी आहे, असा निष्कर्ष 'नेचर'मध्ये छापला गेला.

या निष्कर्षात एक गमतीचा उलटफेर आहे. कृष्णद्रव्य नावाचे काही नसून गुरुत्वाकर्षणाचा नियमच मोठ्या अंतरांवर बदलतो, असे मानणारा एक पक्ष आहे. नियम बदलत असेल तर तो सगळ्या दीर्घिकांना लागू व्हायला हवा. म्हणून कृष्णद्रव्य नसलेली एखादी दीर्घिका सापडणे हा कृष्णद्रव्याच्या अस्तित्वाच्या बाजूचाच पुरावा ठरतो.

दहा गुच्छांवर किती भार टाकायचा

पहिला आक्षेप अंतरावर नव्हता. दहा वेगांवरून विखुरलेपणा काढणे म्हणजे दहा माणसांच्या उंचीवरून गावाच्या उंचीतला फरक सांगण्यासारखे आहे, आणि त्यातही एखादे माप चुकले तर सगळे गणित हलते. निकोला मार्तां आणि सहकाऱ्यांनी तेच आकडे वेगळ्या सांख्यिकीय पद्धतीने तपासले आणि त्रुटीची मर्यादा दाव्यात सांगितली होती त्याहून रुंद असल्याचे दाखवले. जीसी-९८ हा एक गुच्छ विशेष अडचणीचा होता. त्याचा वेग सुरुवातीला सेकंदाला १७६४ किलोमीटर, म्हणजे सरासरीहून ३९ ने कमी, दिला होता. पुढे नव्या निरीक्षणांनंतर तो १७८४ असा दुरुस्त करण्यात आला. दुरुस्तीनंतर विखुरलेपणा आणखी कमी, सेकंदाला ७.८ किलोमीटर, निघाला.

हा प्रश्न मग गुच्छांना बाजूला ठेवून थेट ताऱ्यांच्या एकत्रित उजेडावरून सोडवला गेला. चिलीतील अतिविशाल दुर्बिणीवरून एरिक एम्सेलेम यांच्या गटाला ताऱ्यांच्या वेगाचा विखुरलेपणा १०.८ मिळाला, तर केकवरून शॅनी डॅनिएली यांना ८.५. दोन्ही मोजमापांच्या त्रुटी तीन-चार किलोमीटरच्या आहेत, त्यामुळे त्यांच्यात भांडण नाही. डॅनिएली यांच्या आकड्यावरून दीर्घिकेच्या अर्ध्या उजेडाच्या त्रिज्येत एकूण वस्तुमान सूर्याच्या सुमारे १३ कोटी पट येते आणि त्याच जागेतले ताऱ्यांचे वस्तुमान सुमारे १० कोटी पट. म्हणजे वेगाची बाजू २०१९ पर्यंत बऱ्यापैकी स्थिर झाली होती.

इथे एक नोंद करायला हवी. बटुदीर्घिकेचे वस्तुमान काढण्याचा रूढ मार्ग वेगळा आहे: तिच्यातील हायड्रोजन वायूचा २१ सेंटिमीटरचा रेडिओ संदेश घेऊन वायूची तबकडी किती वेगाने फिरते हे पाहायचे. जुन्नर तालुक्यात खोडदला असलेल्या जीएमआरटी दुर्बिणीने हेच काम अनेक फिकट बटुदीर्घिकांवर केले आहे, आणि त्या पाहणीत आयेशा बेगम व जयराम चेंगलूर यांच्याबरोबर हेच कराचेंत्सेव सहभागी होते. एनजीसी ३७४१ या छोट्याशा दीर्घिकेची वायूची तबकडी तिच्या दृश्य त्रिज्येच्या आठ पटींहून अधिक पसरलेली त्यांना आढळली, आणि त्यामुळे कृष्णद्रव्याचा माग फार बाहेरपर्यंत काढता आला. डीएफ२ मध्ये असा वायू जवळजवळ नाहीच. म्हणून सगळा भार गुच्छांवर आणि ताऱ्यांवर पडला.

अंतर कुठे कुठे शिरते

वेग वर्णपटातून थेट मिळतो. त्याला अंतर ठाऊक असण्याची गरज नसते. बाकी सगळ्याला असते. आकाशात कोनात दिसणारा आकार अंतराने गुणला की किलोपार्सेकमधली (मेगापार्सेकच्या हजाराव्या भागातली) त्रिज्या मिळते. दिसणारा उजेड अंतराच्या वर्गाने गुणला की खरी तेजस्विता, आणि तिच्यावरून ताऱ्यांचे वस्तुमान. वेगांवरून काढलेले एकूण वस्तुमान मात्र वेगाच्या वर्गाला त्रिज्येने गुणून येते, म्हणून ते अंतराच्या फक्त पहिल्या घाताने बदलते. परिणाम असा की अंतर कमी केले तर ताऱ्यांचे वस्तुमान झपाट्याने घटते, एकूण वस्तुमान सावकाश घटते, आणि दोहोंमधली तफावत, म्हणजेच कृष्णद्रव्याला मिळणारी जागा, वाढते.

२० ऐवजी १३ मेगापार्सेक घेऊन पाहू. त्रिज्या २.२ वरून १.४ किलोपार्सेकवर येते. तेजस्विता ४२ टक्क्यांवर येते. एकूण वस्तुमान आणि ताऱ्यांचे वस्तुमान यांचे गुणोत्तर दीडपट वाढते. दुसरी एक विचित्र गोष्टही सुटते: २० मेगापार्सेकवर डीएफ२ मधले तारकागुच्छ नेहमीपेक्षा सुमारे दीड प्रतीने जास्त तेजस्वी ठरतात (प्रत हे तेजाचे माप आहे; आकडा जितका मोठा तितकी वस्तू फिकी), जे गुच्छांच्या बाबतीत सहसा दिसत नाही. जवळ आणल्यास ते जवळजवळ एक प्रतीने फिके होतात आणि नेहमीच्या पट्ट्याकडे सरकतात.

कॅनरी बेटांवरील खगोलभौतिकी संस्थेचे इग्नासिओ त्रुहियो आणि सहकारी यांनी नेमके हे मांडले. त्यांचा निबंध २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ताम्रसृतीवर, म्हणजे वर्णपटातील रेषांच्या सरकण्यावर, अवलंबून नसलेल्या पाच पद्धतींनी त्यांनी अंतर १३.० मेगापार्सेक काढले आणि त्रुटी फक्त ०.४ दिली. एकच आकडा बदलला की दोन्ही विसंगती एकदम नाहीशा होतात आणि डीएफ२ ही साधी, विरळ बटुदीर्घिका उरते, हा युक्तिवाद आकर्षक होता. पुढे मातेओ मोनेल्ली आणि त्रुहियो यांनी त्याच भागातल्या दुसऱ्या तशाच दीर्घिकेचे, डीएफ४ चे, अंतर १४.२ मेगापार्सेक काढले, आणि आपल्या दृष्टिरेषेत एकामागे एक असे दोन गट आहेत, एक १३.५ वर आणि दुसरा १९ मेगापार्सेकवर, असे सुचवले.

माझे मत असे की या युक्तिवादाचा मोह हीच त्याची कमजोर जागा होती. 'या अंतरावर सगळे सामान्य दिसते' हे अंतर बरोबर असल्याचे प्रमाण होऊ शकत नाही; विश्वात असामान्य वस्तू असतातच. पण त्रुहियो यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून सांगायला हवे की त्यांनी केवळ तेवढ्यावर विसंबून न राहता ताऱ्यांचे प्रत्यक्ष मोजमापही दिले होते. वाद त्या मोजमापाच्या वाचनाचा झाला.

रांगोळीचे कण

अंतर काढण्याची व्हान डोक्कम गटाची मूळ पद्धत पृष्ठदीप्तीतील चढउतारांची होती. रांगोळीची रेघ लांबून सलग दिसते आणि जवळ गेल्यावर कण वेगळे दिसू लागतात. तसेच दीर्घिकेचा उजेड जितका कणीदार दिसतो तितकी ती जवळ. या पद्धतीने त्यांना १९ आणि जॉन ब्लेकस्ली व मिकेले कांतिएलो यांना स्वतंत्रपणे २०.४ मेगापार्सेक मिळाले. अडचण अशी की कणीदारपणा ताऱ्यांच्या मिश्रणावर, म्हणजे दीर्घिकेच्या रंगावरही अवलंबून असतो, आणि पद्धतीचे प्रमाणीकरण मुख्यतः डीएफ२ पेक्षा तांबूस, मोठ्या दीर्घिकांवर झालेले होते. निळसर, विरळ दीर्घिकेला तेच सूत्र लावावे का, हा आक्षेप रास्त होता.

म्हणून दोन्ही बाजूंना मान्य होईल अशी कसोटी उरली: तांबड्या राक्षसी ताऱ्यांची कडा. सूर्यासारख्या ताऱ्याच्या केंद्रातला हायड्रोजन संपला की तो फुगून तांबडा राक्षसी तारा होतो आणि त्याच्या गाभ्यात हेलियम साठत जातो. गाभा सूर्याच्या वस्तुमानाच्या जवळजवळ निम्मा झाला की हेलियम एकाएकी पेटतो आणि ताऱ्याची चमक घसरते. हा क्षण गाभ्याच्या वस्तुमानावर ठरत असल्याने तारा एकूण किती मोठा होता याने फारसा फरक पडत नाही. त्यामुळे या ताऱ्यांच्या चमकेला वरची एक कडा असते आणि जवळच्या अवरक्त प्रकाशात तिची निरपेक्ष प्रत, म्हणजे ठराविक प्रमाण अंतरावरून दिसेल ती प्रत, उणे ४ च्या आसपास असते. ताऱ्यांची संख्या प्रतीनुसार मांडली की कडेशी ती एकदम उडी घेते. कडेची दिसणारी प्रत मोजली की अंतर मिळते.

आता नेमके काय शोधायचे ते पाहा. डीएफ२ १३ मेगापार्सेकवर असेल तर कडा २६.५ प्रतीच्या आसपास दिसायला हवी, २० वर असेल तर २७.५ च्या, २२ वर असेल तर २७.७ च्या. सगळा वाद एका प्रतीच्या आसपासचा आहे. हबलच्या पहिल्या प्रतिमा प्रत्येक फिल्टरमधून सुमारे एकेका परिभ्रमणाच्या, म्हणजे दुर्बिणीच्या पृथ्वीभोवतीच्या एका फेरीत घेतलेल्या, होत्या, आणि २७ व्या प्रतीच्या पलीकडे त्यांच्यावर फार विश्वास ठेवण्यासारखी स्थिती नव्हती. त्या प्रतिमांत २६.५ च्या सुमारास काही ठिपके मात्र स्पष्ट दिसत होते. त्रुहियो यांच्या वाचनानुसार ते कडेचे तारे होते.

व्हान डोक्कम यांचे उत्तर असे होते की ते एकेकटे तारे नाहीत. दाटीवाटीच्या भागात दोन तारे प्रतिमेच्या एकाच ठिपक्यात मिसळले तर तो ठिपका ०.७५ प्रतीने जास्त तेजस्वी दिसतो. तीन मिसळले तर आणखी. हबलच्या कॅमेऱ्याला ते वेगळे करता येत नाहीत. खरी कडा प्रतिमेच्या आवाक्याबाहेर असताना अशा जोड्यांची खोटी कडा अगदी १३ मेगापार्सेकच्या जागी उभी राहू शकते. कडेच्या वरही काही जुने, चमकदार तारे असतात, तेही याच भागात गर्दी करतात. दोन्ही बाजूंनी तीच प्रतिमा पाहिली, तेच ठिपके मोजले, आणि एकाने त्यांना तारे म्हटले, दुसऱ्याने जोड्या. एका परिभ्रमणाच्या प्रतिमेत याचा निकाल लागणे शक्य नव्हते.

निकाल लावायला हबलची एकूण ४० परिभ्रमणे लागली. झिली शेन यांच्या नेतृत्वाखालील निबंध २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. कडा २७.६७ प्रतीला सापडली, त्रुटी ०.१०, त्यावरून अंतर २२.१ मेगापार्सेक, त्रुटी १.२. मोजमाप करणाऱ्या प्रणालीची परीक्षा घेण्यासाठी ठाऊक असलेल्या प्रतीचे कृत्रिम तारे प्रतिमेत पेरले जातात आणि त्यातले किती व कोणत्या प्रतीचे म्हणून परत मिळतात ते पाहिले जाते. मिसळलेल्या जोड्यांमुळे कडा किती सरकते याचा हिशेब अशा परीक्षेतूनच लागतो, आणि तो लावूनच वरचा आकडा दिलेला आहे. १३ मेगापार्सेकच्या जागी, २६.५ ला, तारे संख्येने उडी घेत नव्हते.

वेगाची साक्ष

अंतराच्या बाजूने आणखी एक साक्षीदार सुरुवातीपासून उभा होता, पण त्याला एकट्याला कोणी फार मान दिला नाही, आणि ते योग्यच होते. तो म्हणजे दीर्घिकेचा स्वतःचा वेग. सूर्य वैश्विक पार्श्वप्रारणाच्या, म्हणजे विश्वाच्या सुरुवातीच्या काळापासून सर्वत्र पसरलेल्या प्रारणाच्या, तुलनेत सेकंदाला सुमारे ३७० किलोमीटर वेगाने जात आहे, आणि तिमिंगलातला हा भाग साधारण त्याच्या पाठीच्या बाजूला येतो, म्हणून तिथल्या दीर्घिका आहे त्यापेक्षा वेगाने दूर जाताना दिसतात. ती दुरुस्ती केल्यावर १८०३ चे सुमारे १५८७ होतात. विश्वाच्या विस्ताराचा दर मेगापार्सेकमागे सेकंदाला ७३ किलोमीटर धरला तर हे २१.७ मेगापार्सेकचे अंतर झाले. उलट अंतर १३ धरले तर विस्ताराचा वाटा ९५० च्या आतच बसतो आणि उरलेले जवळजवळ ६४० किलोमीटर दीर्घिकेच्या खाजगी गतीच्या खात्यावर टाकावे लागतात. दीर्घिकांच्या मोठ्या समूहापासून दूर, एका किरकोळ गटातल्या बटुदीर्घिकेसाठी हा आकडा फार मोठा आहे. अशक्य मात्र नाही. गटांतल्या दीर्घिकांना शेजाऱ्यांच्या ओढीने दोन-तीनशे किलोमीटरची खाजगी गती सहज असते, त्यामुळे इतक्या जवळच्या विश्वात केवळ ताम्रसृतीवरून अंतर सांगणारा माणूस वारंवार फसतो.

आडवी, म्हणजे दृष्टिरेषेला काटकोनातली, गती मोजता आली असती तर प्रश्न लवकर सुटला असता, पण ती आपल्या आवाक्यात नाही. आकाशगंगेच्या उपग्रह-दीर्घिकांची आडवी गती गाया उपग्रहाने मोजली आहे. १४० किलोपार्सेकवरच्या दीर्घिकेची सेकंदाला १०० किलोमीटर गती वर्षाला सुमारे १५० मायक्रोविकला दिसते (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग, मायक्रोविकला तिचा दहा लाखावा). २० मेगापार्सेकवर तीच गती वर्षाला एका मायक्रोविकलेची होते.

फरक जास्त पक्का असतो

या प्रकरणातला मला सर्वात शिकण्यासारखा वाटलेला भाग शेवटी आला. डीएफ४ चे अंतर डॅनिएली यांनी २०.० मेगापार्सेक काढले होते, त्रुटी १.६. डीएफ२ चे २२.१, त्रुटी १.२. हे दोन आकडे एकमेकांतून वजा केले तर फरक २.१ येतो आणि त्याची त्रुटी २.०, म्हणजे दोघी शेजारी शेजारी आहेत की नाहीत हेही सांगता येत नाही. शेन यांनी असे केले नाही. त्यांनी दोन्ही दीर्घिकांतल्या ताऱ्यांची मांडणी थेट एकमेकांशी ताडून पाहिली. कॅमेरा तोच, ताऱ्यांचा प्रकार तोच. कडेची निरपेक्ष प्रत नेमकी किती आणि प्रमाणीकरणात काय खोट आहे, या शंका दोन्हीकडे सारख्याच असल्यामुळे वजाबाकीत उडून जातात. फरक पुन्हा २.१ मेगापार्सेकच आला, पण आता त्रुटी फक्त ०.५ होती.

दोन मेगापार्सेक ही फार मोठी जागा आहे. आपल्यापासून देवयानी दीर्घिका एका मेगापार्सेकच्याही आत आहे. मग डीएफ२ आणि डीएफ४ दोघीही एनजीसी १०५२ ला बांधलेल्या असू शकत नाहीत. आकाशात १४ कलांवर, म्हणजे प्रक्षेपात ८० किलोपार्सेकवर, दिसणारी जवळीक निदान एकीच्या बाबतीत दृष्टिभ्रम आहे. याचा धक्का बदललेल्या गुरुत्वाच्या पक्षालाही बसतो, कारण डीएफ२ मधल्या कमी विखुरलेपणाचे त्यांचे स्पष्टीकरण शेजारच्या मोठ्या दीर्घिकेच्या ओढीवर उभे होते, आणि ती ओढ दोन मेगापार्सेकवरून पोहोचत नाही. डीएफ४ भोवती मिरेया मोन्तेस यांच्या गटाला भरती-ओहोटीसारख्या ओढीने निघालेल्या ताऱ्यांच्या शेपट्या दिसल्या आहेत, म्हणजे तिचे कृष्णद्रव्य कोणी ओरबाडून नेले असण्याची शक्यता तिच्यापुरती अजून विचारात घ्यावी लागते.

वेगांचा फरक सेकंदाला ३५८ किलोमीटर आहे: डीएफ२ चा वेग १८०३, डीएफ४ चा १४४५. जी लांब आहे तिचाच वेग जास्त आहे, म्हणजे त्या एकमेकींपासून दूर जात आहेत. २.१ मेगापार्सेकला ३५८ ने भागले तर सुमारे ५७० कोटी वर्षे येतात. व्हान डोक्कम आणि सहकाऱ्यांनी मे २०२२ मध्ये 'नेचर'मध्ये मांडले की सुमारे ८०० कोटी वर्षांपूर्वी वायूने भरलेल्या दोन बटुदीर्घिका प्रचंड वेगाने एकमेकींवर आदळल्या. कृष्णद्रव्य न थांबता पुढे निघून गेले, वायू मध्येच अडकला आणि त्यातून कृष्णद्रव्याविना दीर्घिकांची एक रांग तयार झाली. वरचा भागाकार वेग पूर्वापार एकच होता असे धरतो, म्हणून तो केवळ अंदाज आहे. रांगेत सात ते अकरा वस्तू असाव्यात, ती दोन मेगापार्सेकहून लांब आहे आणि आपल्या दृष्टिरेषेशी जेमतेम ७ अंशांचा कोन करते, असे त्यांचे म्हणणे आहे. म्हणजे आपण ती जवळजवळ टोकाकडून पाहत आहोत, आणि आडवी गती मोजता न येण्याचे नुकसान इथे कमीत कमी होते.

ही गोष्ट खरी असेल तर रांगेतल्या उरलेल्या प्रत्येक वस्तूचा वेग तिच्या अंतराच्या प्रमाणात डीएफ४ आणि डीएफ२ यांच्या दरम्यान कुठेतरी बसला पाहिजे. त्या दोघींहूनही फिकट असलेल्या त्या ठिपक्यांपैकी प्रत्येकाची कडा शोधायची तर पुन्हा तीच हबलची परिभ्रमणे आणि पुन्हा तेच पेरलेले तारे लागणार आहेत.